मंगळवारचं घर

शिट्टी वाजत नाही, याचा चिलोंबाच्या मुलांना पहिल्या दिवसापासून राग होता. दिसायला अगदी शिट्टी. पिवळीधमक, गळ्यात अडकवायला दोरी असलेली. पण जीव तोडून फुंकली तरी आवाज म्हणून नाही. टोकाशी एक ठिपका लुकलुकायचा आणि विझायचा, बस्स. शाळेच्या ओट्यावर रोज सकाळी पोरं रांगेने उभी राहायची, ही मुकी शिट्टी फुंकायची आणि मग वर्गात पळायची.

मलावी सरोवराच्या काठचं हे गाव शलाका बोडसने लिलाँग्वेच्या कचेरीत बसून पडद्यावर कितीदा तरी पाहिलं होतं. पायाने आली ती आज पहिल्यांदा, आणि तीही एका तक्रारीपायी.

"ती बघ, खांबाला टेकलेली. चिसोमो," थोको म्हणाली. थोको याच काठावर वाढलेली, आता या भागात बालभत्त्याचं काम पाहणारी. "हिचा भाऊ लिम्बानी गेल्या आठवड्यात रांगेतच चक्कर येऊन पडला. आणि तुझं यंत्र म्हणतं, या घरात सगळं मजेत चाललंय."

"यंत्र मजेत म्हणत नाही. यंत्र म्हणतं, ठरवून."

"तुझ्या यंत्राची भाषा तुलाच लखलाभ, मॅडम." थोको एरवी तिला नावाने हाक मारायची. चिडली की मॅडम.

चिसोमोची पाळी आली. तिने शिट्टी फुंकली. ठिपका तांबडा झाला आणि लगेच करडा. तांबडा म्हणजे भूक. करडा म्हणजे भूक आहे, पण आम्ही ती धरत नाही.

तो करडा रंग शलाकाचा होता.

*

शरीराला अन्न मिळालं नाही, की ते आधी यकृतात साठवलेली साखर वापरतं. ती संपली की चरबी जाळायला घेतं. चरबी जळताना जे पदार्थ तयार होतात त्यांतला एक, असिटोन, श्वासावाटे बाहेर पडतो. फार पिकलेल्या फळासारखा गोडसर वास. मोठ्या माणसाला या टप्प्यावर यायला दिवस जातो. मुलाचं यकृत लहान, त्यातली शिदोरीही लहान; रात्रीचं जेवण चुकलं तर सकाळी त्याचा श्वास चुगली करतो. आपल्या नाकाला तो वास एखाद्या वेळी कळतही नाही. शिट्टीतल्या पातळ पडद्याला कळतो.

याच्या आधी गरिबी छपरावरून ठरायची. उपग्रह वरून बघायचा. घरावर पत्रा असला तर बरं चाललंय, गवत असलं तर गरीब. चिसोमोच्या आईच्या, एलुबीच्या, घरावर पत्रा होता. नवऱ्याने जोहान्सबर्गला कामाला जाण्याआधी घातलेला. नवरा परतला नाही, पत्रा राहिला, आणि त्या पत्र्यापायी कितीतरी वर्षं घराला काही मिळालं नाही.

शिट्टीने ते सगळं मोडलं. मुलाच्या श्वासात भूक दिसली, की त्याच दिवशी आईच्या मोबाइलवर पैसे. साहेब नाही, शिक्का नाही, मुखियाचा मेहुणा नाही. मुलानेच आपली साक्ष द्यायची, तीही न बोलता. शलाकाला या कामात ओढून आणलं ते याच गोष्टीने. रोज सकाळी स्तोत्र म्हटल्याशिवाय पाणीही न घेणारी बाई ती. खोटं न बोलू शकणारं यंत्र तिला जवळजवळ सोवळं वाटलं होतं.

मग रमजान आला. काठच्या शाळा त्या महिन्यात दुपारी भरतात, शिट्टीही तेव्हाच फुंकली जाते. सरोवराकाठची मोठाली मुलं रोजे धरतात, त्यात दुकानदारांची मुलं आली, बोटमालकांची आली. सगळीकडे पैसे गेले. शिवाय एरवीही काही हुशार घरांनी ठरलेल्या रात्री मुलांना मुद्दाम जेवू घालणं थांबवलं. पैसे देणारे देश बिथरले. कार्यक्रमाचे प्रमुख डॉ. ओटिएनो यांनी नैरोबीहून येऊन सगळ्यांना जेवणाच्या टेबलाभोवती बसवलं आणि विचारलं, "खरी भूक आणि ठरवून धरलेली भूक, यांत फरक कसा करायचा?"

टेबलावर एकच ताट रिकामं होतं. मंगळवार होता, आणि शलाकाच्या घराण्यात मंगळवार कडक. पाण्याशिवाय काही नाही, थेट बुधवारच्या सकाळपर्यंत.

"उपास सांगून येतो," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याला वार असतो, ताल असतो. उपासमार न सांगता येते."

हे तिने इंग्रजीत सांगितलं. त्या भाषेत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, एकमेकांशी काही नातं नसलेले. मराठीत मात्र एक शब्द दुसऱ्याच्या पोटात बसलेला आहे, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

ते वाक्य ओटिएनोंना फार आवडलं. त्यावरून चाळणी बांधायची ठरली: भुकेला ताल दिसला की ती ठरवून केलेली समजायची, पैसे थांबवायचे. पण ताल म्हणजे नेमका कसा, हे यंत्राला शिकवायला कुणाचातरी श्वास हवा होता. पुण्याहून आलेल्या दोघांनी उत्साहाने दिला. यंत्राने त्यांचे उपास सपशेल नाकारले. खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याची आमटी. यंत्राच्या मते ते दोघे त्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्त जेवले होते. शेवटी उरली शलाका. तिने दोन वर्षं रोज शिट्टी फुंकली. चाळणीच्या मुळाशी तिचाच श्वास बसला. बाकीचे नुसते त्याच्याशी ताडून पाहिलेले.

*

एलुबीने अंगणात चटई टाकली. चुलीवर न्सिमा रटरटत होता, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. भांडं मात्र लहान होतं.

"पाहुण्या आधी," एलुबीने ताटली पुढे केली.

शलाकाने हात जोडले. "माझा उपास आहे आज. मंगळवार."

थोकोने ते चिचेवा भाषेत सांगितलं आणि पुढे आपल्या मनाचं जोडलं, "हिचा देव हिला आठवड्यातून एकदा उपाशी ठेवतो. बाकीचे दिवस ही आम्हाला ठेवते."

एलुबी हसली नाही. हसली ती चिसोमो, आणि जवळ सरकून तिने काहीतरी विचारलं. थोकोच्या चेहऱ्यावरची थट्टा मावळली.

"काय म्हणते?"

"म्हणते, आज तुमचा दिवस नाही का?"

"नाही, आज माझा दिवस नाही," शलाका कौतुकाने म्हणाली.

चिसोमोने पुन्हा विचारलं. या वेळी थोकोने शब्दाला शब्द लावून सांगितलं. "ती विचारते, मग तुमच्या घरात आज कोण जेवतं?"

शलाकाला प्रश्नच समजला नाही. तोवर एलुबीने न्सिमा एकाच ताटलीत वाढला होता. ताटली धाकट्या तियापुढे गेली. लिम्बानी आणि चिसोमो तिथेच बसून राहिले, हात मांडीवर, जेवणाऱ्याकडे न बघता. शहाण्या मुलांसारखे. कुणी रडलं नाही, कुणी मागितलं नाही. देवघरासमोर बसावं तसे बसले होते.

"आज तियाचा दिवस," चिसोमोने शलाकाला समजावलं, लहान मुलाला समजवावं तसं. "उद्या लिम्बानीचा. मग माझा."

"किती दिवस चाललंय हे?"

एलुबीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "मक्याचा भाव वाढला तेव्हापासून. दुपारी पेज असते सगळ्यांना, पातळ. रात्रीचं पुरत नाही. तिघांना थोडं थोडं दिलं तर तिघंही रडतात, झोपत नाहीत. मग मी दिवस वाटून दिले. आधी दोघं जेवायची, एक थांबायचा. ज्याचा दिवस नसतो तोही रडत नाही. त्याला माहीत असतं, आपला येणार आहे." तिने शलाकाकडे पाहिलं. "मग तुमचे पैसे बंद झाले. आता एक जेवतो, दोघं थांबतात."

मुलांची भूक नेमकी तालात पडत होती. आईने ती तालात बसवली होती, मुलांना सोसवावी म्हणून. आणि यंत्राने तो ताल ओळखला होता. अगदी बिनचूक.

*

त्या रात्री गावच्या विश्रामगृहात तिने तसलीच घरं शोधायला घेतली. करडा ठिपका असलेली, पण ज्यांच्या तालाचा कुठल्याही धर्माच्या वाराशी मेळ बसत नाही अशी. दिवसाआड. दोन दिवसांआड. चार भावंडं असतील तिथे तीन दिवसांआड. नकाशावर ठिपके उमटत गेले. काठाने, मग डोंगराकडे, मग शेजारच्या जिल्ह्यात. तिने मोजणं मध्येच थांबवलं.

सकाळी स्तोत्र म्हणायला बसली, तर शब्द ओठांवर आणि चिसोमोचा प्रश्न कानात. मग तुमच्या घरात आज कोण जेवतं? तिने मिरजेला आत्याला फोन लावला. घराण्यातलं एवढंच माणूस उरलं होतं, ज्याला जुनं काही विचारावं.

"काय गं, आज सकाळी सकाळी? मंगळवार निभला ना नीट?"

"निभला. आत्या, आपल्याकडे हा मंगळवार सुरू कधी झाला? कुणी धरला पहिल्यांदा?"

"माझ्या आजोबांनी. तुझे पणजोबा. गणपतीचा वार, दुसरं काय."

"नवस होता का काही?"

पलीकडे मिक्सर चालू होता, तो थांबला. "तुला कशाला पाहिजे हे?"

"आत्या, सांग ना."

"आमची आई म्हणायची, हे बाहेर कुणाला बोलू नये. लाजेची गोष्ट वाटायची तिला." आत्याचा आवाज उतरला. "आजोबा साताऱ्याला शिकायला होते ना, वार लावून जेवायचे. सोमवारी एका घरी, बुधवारी वकिलांकडे, असं. सगळे वार लागले, मंगळवारचं घर काही मिळालं नाही. मग मंगळवारी काय करणार? नळाचं पाणी. मुलं चिडवतील म्हणून सांगायचे, माझा उपास असतो. पुढे नोकरी लागली, घर झालं, घरात धान्याच्या कणग्या आल्या. पण मंगळवारी त्यांच्या पोटात अन्नच जायचं नाही. बायकोला वाटलं व्रत आहे, तिने मुलांना लावलं. झालं आपलं घराण्याचं." मग ती म्हणाली, "ऐकतेस ना? अगं, म्हणून काही देवाला पोचलं नसेल असं नाही हो. त्याला सगळं पोचतं."

"हो," शलाका म्हणाली. "त्याला पोचलं. यंत्राला नाही पोचलं."

"कसलं यंत्र?"

*

डॉ. ओटिएनो वाईट मनुष्य नव्हते. शलाकाने विश्रामगृहातून दाखवलेला नकाशा ते नैरोबीत आपल्या पडद्यावर बराच वेळ पाहत राहिले.

"आईने ठरवून केलं ना हे?"

"ठरवून केलं, सर."

"मग यंत्र कुठे चुकलं?"

"यंत्र नाही चुकलं. आपण त्याला शिकवलं ते वाक्य चुकलं. उपासमारीलाही वार असतो. घरात शहाणी आई असली की असतो."

"मग सुधारू. धर्मांचे वार वगळून बाकीचे ताल पुन्हा भुकेत धरू. सहा महिने दे मला."

"सहा महिन्यांत लिम्बानीचे दिवस किती येतील, आणि किती जातील?"

ओटिएनोंनी चष्मा काढला. "आणि आज चाळणी काढली तर? रमजान तोंडावर आहे, शलाका. पुन्हा बोटमालकांच्या घरी पैसे जातील. पैसे देणारे या खेपेला बिथरून थांबणार नाहीत, निघून जातील. मग कुणालाच काही नाही. ना एलुबीला, ना त्या नकाशावरच्या इतरांना. तू थोड्या घरांसाठी सगळी घरं पणाला लावते आहेस."

यात खोटं काही नव्हतं, आणि तेच अवघड होतं. तिला वाद घालता यायचा नाही. घरातही कधी तिने आवाज चढवला नव्हता.

"तुमचं बरोबर असेल, सर," ती म्हणाली. "पण आज जी मुलं उपाशी आहेत त्यांना तुम्ही ठरवून उपाशी म्हणता आहात, आणि ते माझ्या श्वासाच्या जोरावर. तेवढं मला चालणार नाही."

"म्हणजे?"

"मी माझा श्वास परत घेते."

देहनोंदीचा कायदा त्यांना ठाऊक होता. ज्याच्या शरीराची नोंद, त्याचा हक्क. कुणी आपली नोंद मागे घेतली, तर तिच्यावर उभं केलेलं सगळं त्याच क्षणी थांबवावं लागे.

"कारण सांगावं लागेल," ते शेवटी म्हणाले. "तुझ्याच आवाजात. आणि नोंद खोटी होती असं कारण असेल, तर या कामात पुन्हा तुला कुणी घेणार नाही. विचार कर."

विचार तिने केलाच होता, फक्त नोकरीचा नव्हे. विश्रामगृहातल्या खोलीच्या खिडकीत तिचा मुठीएवढा पितळी गणपती होता, सकाळी वाहिलेलं जास्वंद अजून ताजं. चार पिढ्यांचे मंगळवार त्याच्या पायाशी होते. आजाऱ्यांचे, बाळंतिणींचे, तिच्या आईचा शेवटच्या आजारपणातलाही. ते सगळे ती आता एका वाक्यात पुसणार होती, की खरं नाव देणार होती, तिला सांगता आलं नसतं.

यंत्राने विचारलं, नोंद मागे घेण्याचं कारण?

"नोंदीत लिहिलं आहे की हा उपास होता," शलाका म्हणाली. "तो उपास नव्हता. त्या दिवशी जेवायला घर नव्हतं."

*

करडा रंग त्याच दुपारी गेला. एलुबीच्या मोबाइलवर पैसे आले, नकाशावरच्या बाकीच्या घरांनाही आले असावेत. शलाकाला आता तो नकाशा दिसत नव्हता. निर्णय होईपर्यंत तिने कामावर येऊ नये, असं तिला कळवलं होतं. पैसे देणाऱ्या देशांची बैठक रमजान संपल्यावर होती. कार्यक्रम राहील की जाईल, ओटिएनोंनाही सांगता येत नव्हतं. त्यांनी फोन करणं सोडून दिलं होतं.

"घरी जायचं सोडून इथे कसली राहतेस?" थोकोने विचारलं. पण दवाखान्यामागची खोली तिनेच भाड्याने मिळवून दिली, चूलही तिनेच मांडून दिली, आणि न्सिमा घाटताना शलाकाच्या हातातलं उलथणं हिसकावून घेतलं. "असा नाही. पिठाला मारायचं असतं. तू त्याला गोंजारतेस."

मंगळवार होता. न्सिमा, घेवड्याची उसळ, भोपळ्याच्या पानांची भाजी. एलुबीची तिन्ही मुलं आली, मागोमाग शेजारची दोघं आली, दारात घुटमळली आणि तीही आत आली. शलाकाने सगळ्यांना वाढलं. भांड्यात उरलं तरीही. तिया दोन्ही हातांनी जेवायला लागला. लिम्बानीने एकदा बहिणीकडे पाहिलं, मग तोही.

चिसोमो बसून होती. हात मांडीवर, नजर दाराबाहेर.

"जेव ना, बाळ," शलाका आपल्या तोडक्यामोडक्या चिचेवात म्हणाली.

"आज माझा दिवस नाही."

"आज सगळ्यांचा दिवस आहे. बघ, भांड्यात आहे अजून."

मुलगी समजूतदारपणे हसली. मोठ्या माणसांना काही गोष्टी कळत नाहीत, त्यांना काय रागवायचं. "आता घरीही असतं," ती म्हणाली. "आई वाढते. पण माझा दिवस नसला की मला भूकच लागत नाही. सवय झाली आहे."

थोकोचा हात भांड्यावरच राहिला.

शलाकाने त्या मुलीकडे पाहिलं. ताठ पाठ, मिटलेले ओठ, आपलं काहीतरी नीट पाळल्याचं ते लहानसं समाधान. हे तिच्या ओळखीचं होतं. आरशातलं होतं. उद्या हिला नोकरी लागेल, घरात कणग्या येतील. हिच्या मुली विचारतील, आई, तू आज का जेवत नाहीस? आणि ही काहीतरी सांगेल. व्रत असंच सुरू होतं.

तिने आणखी एक ताटली घेतली, त्यात न्सिमा आणि उसळ वाढली आणि चिसोमोच्या समोर मांडी घालून बसली.

थोको पुटपुटली, "शलाका, मंगळवार आहे."

"माहीत आहे." ती मुलीला म्हणाली, "आज माझाही दिवस नाही. तुला माहीत आहे ना?"

चिसोमोने मान हलवली.

"मग मी एक घास घेते. तू एक घे."

"तुमचा देव रागावेल."

"रागावला तर माझ्यावर रागावेल. तुझ्यावर नाही."

तिने घास मोडला. उसळीचा एक दाणा ताटलीत परत पडला. खिडकीतल्या गणपतीकडे तिने बघितलं नाही. डोळे मिटून घास तोंडात घातला, चावत राहिली. गिळायला फार वेळ लागला.

चिसोमो तिच्या गळ्याकडे टक लावून बघत होती. घास खरंच खाली उतरला, याची तिने खात्री करून घेतली. मग आपल्या ताटलीला हात लावला.